आई नावाचं पॅकेज

पहिली तक्रार एका गुजराती शेठची आली, तेव्हा मी हसले होते.

"मॅडम, रोज शाम को इंटरकॉम बजता है और कोई आदमी मेरी वाइफ को आई बोलता है. पूछता है, गॅस बंद केलास का. ये कौन है? उसको बोलो, हमारा गॅस हम देख लेंगे."

"भाई, वॉचमन मस्करी करता होगा."

"वॉचमन नेपाली है. ये एकदम साफ मराठी बोलता है. आपके जैसा."

दुसरी तक्रार खारीतून आली. तिसरी मीरा रोडच्या टॉवरमधून, तिथल्या बाईने तर पोलिसांत जाईन म्हणून दम दिला. इमारती वेगळ्या, माणसं वेगळी. फोन मात्र सगळीकडे ३०२ नंबरच्या फ्लॅटमध्येच वाजायचा, दिवे लागायच्या वेळेला. मग माझं हसू बंद झालं.

आमची कंपनी म्हणजे भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा. शेजारच्या गाळ्यात दिवसभर स्टीलच्या डब्यांना पॉलिश मारतात. त्या मशीनची किंचाळी आमच्या प्रत्येक फोन कॉलमध्ये ऐकू जाते आणि काळी भुकटी कीबोर्डवर बसते. आम्ही सोसायट्यांना पेटी विकतो. टिफिनच्या डब्याएवढी, मीटर रूममध्ये भिंतीला ठोकायची, आत छोटासा कॉम्प्युटर. पाण्याचा पंप, लिफ्ट, इंटरकॉम, गेट, सगळं ती पेटी चालवते. आमचे मालक निकेत सर तिला इमारतीचा मेंदू म्हणतात. त्यांचा स्वतःचा कुठे ठेवलाय, हे विचारायची सोय नाही.

पूर्वी प्रत्येक पेटीत कुठलं सॉफ्टवेअर बसवलंय हे ज्यानं बसवलं त्याच्या डोक्यात असायचं. माणूस नोकरी सोडून गेला की डोकंही जायचं. मी बोंबलून बोंबलून शेवटी मॅनिफेस्ट आणलं. मॅनिफेस्ट म्हणजे एक साधी फाइल. पेटीत कुठकुठली पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे छोटे छोटे तुकडे, असायला हवीत, ते तिच्यात लिहायचं. प्रत्येक पेटी रोज पहाटे ही फाइल वाचते. फाइलीत आहे आणि पेटीत नाही, ते बसवून घेते. पेटीत आहे आणि फाइलीत नाही, ते पुसून टाकते. कुणाला विचारत नाही.

फाइल नीट लिहायला मी महिनाभर मागितला होता. निकेत सरांना एका बिल्डरला सोमवारी डेमो द्यायचा होता. "महिना कसला मागतेस? जिथे चालतंय तिथून उचल," म्हणाले. आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी स्वतःच बसून, कधीही तक्रार न आलेली एक पेटी शोधून, तिच्यात जे जे होतं ते सगळं त्यांनी मॅनिफेस्टमध्ये ओतलं. एक ओळ वाचली नाही. सोमवारी पहाटे सगळ्या सोसायट्यांच्या पेट्यांनी ते इमानदारीत बसवून घेतलं.

ती पेटी भाईंदर पश्चिमेच्या गोकुळछाया सोसायटीची. त्या फाइलीत खाली, पंपाच्या आणि लिफ्टच्या पॅकेजांच्या मध्ये, एक पॅकेज मला सापडलं. त्याचं नाव होतं 'आई'.

उघडलं. आत थोडासा कोड आणि आवाजाची एकच फाइल. हेडफोन लावून ऐकली.

"आई, गॅस बंद केलास का?"

कौस्तुभ.

कौस्तुभ माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. गेल्या पावसाळ्यात नवघरच्या एका इमारतीच्या पंपरूममध्ये मेला. तळघरात पाणी भरलेलं होतं, मोटर चालू होती, करंट लागला. आमच्या ग्रुपवर मेसेज आला: हार्ट अटॅक. खाली हात जोडलेले इमोजी. तिशी न गाठलेल्या, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणाऱ्या पोराला हार्ट अटॅक! त्याची खुर्ची आता सामान ठेवायला वापरतात.

कोड वाचला. त्यानं तो आपल्या आईसाठी लिहिला होता. ती विसरायला लागली होती. रोज संध्याकाळी पेटी ३०२ मध्ये इंटरकॉम लावणार, त्याच्या आवाजात विचारणार. तिकडून 'हो' आलं की फोन ठेवणार. 'नाही' आलं किंवा कुणी उचललंच नाही, तर वॉचमनच्या केबिनमध्ये घंटा वाजवणार. आलेलं उत्तर अक्षरांत आणि आवाजात साठवून ठेवायचीही सोय होती. ऑफिसात बसून आईचा आवाज ऐकायला, दुसरं काय.

मी निकेत सरांच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर टेस्टिंगचा इंटरकॉम असतो. ऑफिसच्या पेटीला तो एकच फोन जोडलाय, त्यामुळे पेटी कुठल्याही फ्लॅटला लावू दे, वाजतो तोच. त्याचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला होता.

"सर, सापडलं. कौस्तुभचं पॅकेज आहे."

"काढ ते. आत्ता."

"मॅनिफेस्टमधून ओळ काढली तर गोकुळछायातूनही जाईल. तिथे त्याची आई एकटी राहते. तिला ते लागत असेल."

"रसिका, कंपनीच्या पेटीत घरचे लाड चालणार नाहीत. मी तेव्हाही त्याला सांगितलं होतं."

"बाकीच्या इमारतींमधला फ्लॅट नंबर रिकामा करते. मग फक्त तिच्याकडेच वाजेल. कुणाला त्रास नाही."

"काढ म्हटलं ना!"

इतक्या जोरात ओरडले की शेजारची पॉलिशची मशीनही बंद पडल्यासारखी वाटली. मी त्या बाजूला ठेवलेल्या रिसीव्हरकडे पाहिलं.

"तुम्ही उचलला होता का हा?"

"नाही."

निकेत सर खोटं बोलताना कान खाजवतात. कान खाजवला.

मी ओळ काढली नाही. बाकीच्या सगळ्या इमारतींमधला, आणि आमच्या ऑफिसच्या पेटीतलाही, फ्लॅट नंबर तेवढा थेट पेट्यांमध्ये शिरून पुसला आणि संध्याकाळी रिक्षा करून गोकुळछायाला गेले. त्या बाईला खरंच गरज आहे की नाही हे डोळ्यांनी बघायचं होतं.

वासंती काकूंनी दार उघडलं. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या, कौस्तुभच्या दिवसांना मी एकदा येऊन गेले होते.

"कौस्तुभच्या हापिसातली ना गो तू? बस. पंख्याखाली बस. दूध तापत ठेवलंय, चहा करते." आणि माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसल्या. चहाचं विसरल्या.

"काकू, तुम्हाला इंटरकॉम येतो का संध्याकाळी?"

"येतो की."

"तो आवाज..."

"वेडी नाही मी." एकदम ताठ झाल्या. "अग्नी मी दिलाय त्याला. पुतण्या हात पुढे करत होता, म्हटलं बाजूला हो. मला नको सांगूस तो नाही म्हणून. तो नाही ते मला रोज सकाळी उठल्या उठल्या आठवतं. गॅस तेवढा आठवत नाही. तो विचारतो, मी उठते, इतकंच."

"आणि नाही विचारलं तर?"

"पुतण्याला तेच हवंय. मागे एकदा वास पसरला घरभर. तेव्हापासून विरारच्या कुठल्या आश्रमाची माहिती खिशात घालून फिरतोय मेला. आणखी एकदा असं झालं की मला तिकडे टाकणार आणि हे घर विकणार. मी इथंच मरणार आहे. शुद्धीत, माझ्या स्वयंपाकघरात."

स्वयंपाकघरातून दुधाचा करपट वास यायला लागला होता. त्यांना येत नव्हता. मी उठणार तेवढ्यात इंटरकॉम वाजला.

काकूंनी उचलला. "हो रे, करते." आत गेल्या, गॅस बंद केला, परत येऊन रिसीव्हरमध्ये म्हणाल्या, "केला."

'हो' आलं की पॅकेज फोन ठेवतं. मी कोड वाचलाय. काकूंनी रिसीव्हर कानावरून काढला नाही. ऐकत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "नाही रे. अजून नाही," आणि ठेवला.

"काकू, आता काय विचारलं?"

"पाणी उतरलं का, विचारतो. थोडे दिवस झाले, नवीनच काढलंय. कुठलं पाणी मला काय ठाऊक?"

"मग नाही का म्हणता?"

त्यांनी हाताने साडीचा काठ सारखा केला. "हो म्हणायची भीती वाटते गो. का ते नको विचारूस."

मी तिथंच, त्यांच्या सोफ्यावर बसून लॅपटॉप उघडला. पॅकेज पुन्हा तपासलं. आवाजाची एकच फाइल. एकच वाक्य, गॅसचं. पाण्याचं काही नाही. दुसरं कुठलं पॅकेजही त्या वेळी इंटरकॉमला हात लावत नव्हतं.

मग सगळ्या इमारतींमधली साठवलेली उत्तरं चाळली. बहुतेक ठिकाणी लोकांनी शिव्या घातल्या होत्या. शेठच्या बायकोने मात्र दोनदा चक्क गॅस बंद करून येऊन 'हा भाई, किया' सांगितलं होतं. एका इमारतीत रोज व्यवस्थित उत्तर येत होतं. हो. हो. हो. शिवसागर हाइट्स, नवघर. कौस्तुभ मेला ती इमारत. आणि मला पक्कं माहीत होतं की तिथला ३०२ विकलाच गेलेला नाही. बिल्डरचं कुलूप आहे. शिवाय त्या इमारतीचा नंबर मी दुपारी पुसला होता. आजचं उत्तर तरीही आलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत मी नवघरला गेले. तिथे धर्माजी म्हणून गावातलेच म्हातारे आगरी गृहस्थ आहेत. या जमिनीत त्यांची भातशेती होती, आता त्याच जमिनीवरच्या इमारतीची ते राखण करतात, पगारावर. बिल्डरने किल्ल्या त्यांच्याकडे ठेवल्यात.

"३०२ उघडाल का, काका?"

"कशाला? आत कोन न्हाय."

"फोन वाजतो का तिथे?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "वाजतो. वाजतो आन थांबतो. कोनी उचलल्यावानी थांबतो. तू कंपनीची हाईस ना? मंग तूच सांग मला."

तिसऱ्या मजल्यावर गेलो. कुलूप उघडलं. नवा रंग, खिडक्यांना अजून चिकटपट्ट्या, जमिनीवर सिमेंटची धूळ, आणि त्या धुळीत एकही पाऊल नाही. इंटरकॉमची जागा मी शोधली. फोन नव्हताच. कधी बसवलेलाच नव्हता. भिंतीतून दोन वायरी बाहेर आलेल्या, टोकं उघडी, एकमेकींपासून लांब.

आम्ही उंबऱ्यावर थांबलो. बाहेर उजेड उतरत गेला, खालच्या मंदिरात घंटा सुरू झाली. आणि खोलीत इंटरकॉम वाजला.

फोन नसलेल्या भिंतीतून घंटी येताना ऐकणं म्हणजे काय, ते मला सांगता येणार नाही. मी सांगायचा प्रयत्नही करणार नाही. वाजली. थांबली. धर्माजी काकांनी माझ्या पुढ्यात हात आडवा धरला, जणू मी आत जाणार होते.

"कौस्तुभ गेला त्या दिवशी तुम्ही होतात इथे?" मी विचारलं. जिना उतरताना मला बोलत राहायचं होतं.

"मीच त काढला त्याला. बांबूनं. खाली काळोख होता. पायऱ्या दिसत न्हवत्या. मी बोललो, पोरा नको. तो बोलला, ऑफिसात स्क्रीनवर दिसतंय किती पानी हाय ते, विचारतो. फोन लावलान. विचारलान, सर, पानी उतरलं का? मेन बंद हाय ना? तिकडून काय बोलले मना काय ठाव? पन गेला ना तो. न्हाय बोलले असते त गेला असता का?"

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"इचारलं कोनी? तुझा साहेब आला, माझ्या खांद्यावर हात ठेवलान, बोलला, काका, हार्ट होता त्याचा वीक."

मी रस्त्यावर येऊन, रिक्षास्टँडच्या कठड्यावर बसून, शिवसागरच्या ३०२ चं त्या संध्याकाळचं उत्तर उघडलं. आत्तापर्यंत अक्षरांतला 'हो' तेवढा वाचला होता, ऐकलं नव्हतं.

"हो, हो. जा तू. पटकन आटप."

पुरुषाचा आवाज. घाईतला, काहीतरी खाता खाता बोललेला. मागे स्टीलच्या डब्याला पॉलिश मारणाऱ्या मशीनची किंचाळी.

आदल्या दिवशीचं लावलं. तेच. त्याच्या आदल्या दिवशीचं. तेच, पण मशीन थोडी वेगळ्या ठिकाणी किंचाळली. म्हणजे एकच आवाज पुन्हा पुन्हा वाजत नव्हता. रोज नव्यानं बोलला जात होता.

रात्री घरी गेल्यावर मी एक काम केलं. पाण्याच्या पंपाचं पॅकेज उघडलं. प्रत्येक पॅकेजमध्ये लिहिलेलं असतं की त्याला चालायला आणखी कुठली पॅकेजं लागतात. मी पंपाच्या खाली लिहिलं: 'आई' लागते. आता मॅनिफेस्टमधून कुणी 'आई'ची ओळ पुसली, तरी पेटी तिला हात लावणार नव्हती. पंप आहे तोवर 'आई' आहे. चूक केली का? नियमाने बघितलं तर घोडचूक. नियम करणारे कौस्तुभला खाली पाठवून वडापाव खात होते.

आणि निकेत सरांनी पहाटेच्या आत ती ओळ पुसलीच. सकाळी मी पोचले तेव्हा स्क्रीनसमोर घामाघूम बसले होते.

"हे जात का नाही? मी फाइलीतून काढलंय, तरी सगळ्या पेट्यांमध्ये तसंच आहे!"

"पंपाला लागतं ते."

"पंपाला? गॅसचं पॅकेज पंपाला?"

"मी जोडलंय. काढायचं तर पंपही निघेल. सगळ्या सोसायट्यांचं पाणी बंद होईल. मग शेठ लोकांना तुम्हीच समजवा."

"मी तुला काढून टाकेन, रसिका."

"काढा. मला काढायला काही अडचण नाही, माझ्यावर कुणाचं पाणी अवलंबून नाही. पण हे सोडवायला दुसरा माणूस आणाल, तो आधी विचारेल हे कुणी केलं आणि का केलं. मी त्याला का ते सांगेन."

मी मोबाइल टेबलावर ठेवला आणि शिवसागरचं उत्तर लावलं. हो, हो. जा तू. पटकन आटप. शेजारच्या गाळ्यात मशीन चालू होती. मोबाइलमधली किंचाळी कुठली आणि भिंतीपलीकडची कुठली, कळत नव्हतं.

निकेत सरांचा चेहरा मळायच्या आधीच्या पिठासारखा पांढरा झाला.

"कुठून मिळालं तुला हे? तो कॉल कुणी रेकॉर्ड केलेला नव्हता."

"म्हणजे कॉल झाला होता."

त्यांनी कान खाजवला नाही. "मी स्क्रीनकडे पाहिलंच नव्हतं," म्हणाले. "जेवत होतो. दुपारपासून त्याचे फोन चालले होते, सर हे, सर ते. कटकट नको म्हणून हो म्हटलं. माणूस हो म्हणतो ना गं पटकन. तूही म्हणतेस."

"तुम्हाला तो इथेही विचारतो. म्हणून रिसीव्हर काढून ठेवलात."

"रिसीव्हर काढला तरी वाजतो तो."

मला दया यायला हवी होती बहुतेक. आली नाही.

"आज संध्याकाळी उचला," मी म्हटलं. "आणि खरं सांगा. पाणी उतरलेलं नाही, मोटर चालू आहे, जाऊ नकोस. एवढंच. मग मी 'आई' पंपापासून सोडवते, काकूंच्या पेटीसाठी वेगळं मॅनिफेस्ट करते. तुमचं तुमच्यापाशी, तिचा आवाज तिच्यापाशी."

"आणि नाही म्हटलं तर काय होईल? कोडमध्ये नाही म्हटलं की काय होतं?"

"वॉचमनला घंटा जाते. कुणीतरी येतं मदतीला. कौस्तुभनं असं लिहिलंय."

"आणि हो म्हटलं की?"

"फोन बंद होतो."

हे मी सांगायला नको होतं. पण त्यांनी कोड वाचून दहा मिनिटांत शोधलंच असतं.

संध्याकाळी शेजारचे कारागीर मशीन बंद करून हात धुवायला गेले. ऑफिसातली पोरं निघून गेली. केबिनमध्ये निकेत सर आणि मी. टेबलावर तो फोन, रिसीव्हर शेजारी आडवा. तशातच तो वाजला.

त्यांनी उचलून कानाला लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, कारण तो रिसीव्हरमधून जितका येत होता तितकाच बाहेरून, कौस्तुभच्या खुर्चीच्या बाजूनंही येत होता. मान वळवून बघायची माझी हिंमत झाली नाही.

"सर, पाणी उतरलं का?"

नेहमीचा आवाज. थोडा वैतागलेला, पावसात उभं राहून बोलणाऱ्याचा. मेलेल्या माणसाचं त्यात काही नव्हतं. तेच भयंकर होतं.

मी ओठांनी दाखवलं: नाही. नाही म्हणा.

निकेत सरांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, हे मी नाकारणार नाही.

"हो," ते म्हणाले. "हो, उतरलंय. जा."

फोन बंद झाला.

"का?" मी किंचाळले. "का केलंत असं?"

"बंद झाला ना?" ते म्हणत होते. "बघ, बंद झाला. बंद झाला की नाही?" आणि हसत होते.

त्यानंतर त्या टेबलावरचा फोन वाजला नाही. शिवसागरच्या ३०२ मध्येही नाही, धर्माजी काकांनी मला फोन करून सांगितलं. निकेत सरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले, कारण विचारलं तर बिल्डरची ऑर्डर म्हणाले. मी माझा पेढा कौस्तुभच्या खुर्चीवरच्या सामानात ठेवला आणि निघाले.

गोकुळछायाला पोचले तेव्हा वासंती काकू इंटरकॉमच्या अगदी खाली स्टूल घेऊन बसल्या होत्या. गॅसवर दूध होतं.

"काल काय म्हणाला?" मी चप्पल काढायच्या आत विचारलं.

"काल गॅसचं विचारलंच नाही गो. नुसतं म्हणाला, बरं, मग जातो मी आत. मी ओरडले, अरे नको, कुणी सांगितलं तुला? पण ठेवला होता त्यानं."

मी लॅपटॉप उघडून मांडीवर घेतला. या पेटीसाठी वेगळं मॅनिफेस्ट मी सकाळीच केलं होतं, ते बघितलं, 'आई' आहे. पेटीत बघितलं, बसवलेली आहे. चालू आहे. वेळ झाली आणि स्क्रीनवर ओळ उमटली: ३०२ ला कॉल लावला. मी मान वर केली. भिंतीवरचा फोन गप्प होता. पुन्हा ओळ: उत्तराची वाट पाहत आहे. फोन गप्प. वॉचमनच्या घंटेची ओळ आली, मी गॅलरीतून वाकून पाहिलं. वॉचमन केबिनबाहेर खुर्ची टाकून मोबाइल बघत होता. त्याच्याकडे काही वाजलं नव्हतं. फाइल बरोबर, पॅकेज बरोबर, पेटी बरोबर, आणि विचारणारं कुणी नाही.

आत दूध वर आलं, उतू गेलं. चर्र आवाज झाला आणि मग तो आवाजही बंद झाला. ज्योत विझली होती. वास यायला लागला.

"काकू, गॅस."

"थांब."

मी उठले. त्यांनी माझं मनगट धरलं. त्या वयाच्या बाईच्या हातात एवढी ताकद नसते.

"विचारेल तो. थांब जरा."

"काकू, वास पसरतोय!"

"तो विचारायच्या आधी मी उठले, तर त्याला वाटेल घरात कुणी नाही."

मी हात हिसकावून घेतला. आत धावले, बटण बंद केलं, खिडकी उघडली, सिलेंडरचा रेग्युलेटरही फिरवला. डोळ्यांतून पाणी येत होतं, गॅसनं की कशानं, माहीत नाही. बाहेर आले तेव्हा काकू तशाच बसलेल्या. हातात रिसीव्हर होता.

"केलास बंद?"

"केला."

"मग सांग त्याला." आणि रिसीव्हर माझ्याकडे धरला.

फोन वाजलेला नव्हता. लाइन मेलेली असणार, हे मला माहीत होतं. तरी मी तो कानाला लावला.

आत एक मोठी, बंद जागा होती. कुठेतरी थेंब पडत होता आणि त्या जागेत घुमत होता. गुडघाभर पाण्यातून कुणीतरी सावकाश, अंदाज घेत, पाय टाकत चाललं होतं. डुबुक. थांबणं. डुबुक.

"कौस्तुभ," मी म्हटलं. "पाणी उतरलेलं नाही. मोटर चालू आहे. मागे फीर."

पाय थांबला. मग कट्ट असा एक बारीक आवाज झाला आणि त्यानंतर काहीच नाही, थेंबसुद्धा नाही.

काकूंनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला, पदराने पुसला आणि जागेवर ठेवला. घरातला वास हळूहळू खिडकीतून जात होता.

"उद्या जरा लवकर ये," त्या म्हणाल्या. "तो आत जायच्या आधी सांगायला हवं."